चढ आला की उतरायचं

सायकलवाला एका फेरीत किती वेळा गिअर बदलतो? लालबाग-परळमध्ये या प्रश्नाचं उत्तर गेली शंभर वर्षं एकच आहे: एकदाही नाही. बदलायला आधी गिअर असावे लागतात. पाववाल्याच्या, दूधवाल्याच्या, डबेवाल्याच्या, पेपर टाकणाऱ्या पोराच्या सायकलला पुढे एक दातेरी चक्र, मागे एक आणि मध्ये एक चेन. खटका नाही, तार नाही, आकडे नाहीत.

पण करी रोडच्या पुलाच्या पायथ्याशी सकाळी दहा ते अकरा तासभर उभं राहून बघा. लालबागकडून येणारा डबेवाला भारतमातेच्या वळणापर्यंत सीटवर बसून येतो. चढ सुरू झाला की उठून उभा राहतो आणि शरीराचा सगळा भार एकदा उजव्या, एकदा डाव्या पायडलवर टाकत जातो. अर्ध्या चढावर खाली उतरतो. डावा हात हँडलवर, उजवा हात मागच्या ओझ्यावर, आणि चालत ढकलत माथा गाठतो. माथ्यावर एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने दोनदा जमीन लोटतो आणि परत सीटवर. बसणं, उभं राहणं, उतरून चालणं. हे तीन गिअरच आहेत. फक्त ते सायकलला बसवलेले नसून माणसाला बसवलेले आहेत. ते सायकलवरून माणसावर कसे आले, आणि जगात इतरत्र उलटा प्रवास होत असताना आपल्याकडे तिथेच का राहिले, याचा मी बरेच दिवस माग काढतो आहे.

आधी थोडं गणित. 'गिअरची सायकल हलकी जाते' हे आपण सगळेच म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. परळला एका दुरुस्तीवाल्याकडे उलट्या करून ठेवलेल्या काळ्या सायकलचे दात मी मोजले. पुढे ४४, मागे १८. म्हणजे पायडल एकदा पूर्ण फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चाक २८ इंची, त्याचा घेर साधारण सव्वादोन मीटर. गुणाकार केला की एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने जायला मिनिटाला ४५-४६ फेरे पुरतात. रमतगमत होणारं काम. शर्यतीतला माणूस मिनिटाला नव्वदच्या आसपास फेरे मारतो, पण त्याला कुणाच्या दारात दूध ठेवायचं नसतं.

आता याच सायकलवर ६० किलोचा माणूस बसवा, मागे ६० किलोचं ओझं ठेवा, सायकलचे २० किलो धरा. एकूण १४०. रस्ता तीस मीटरला एक मीटर चढतो आहे असं समजा. वेग ताशी ८ किलोमीटरवर आला तर पायडलचे फेरे मिनिटाला चोवीसवर येतात. एकूण लागणारी शक्ती १३० वॅटच्या आसपास. धडधाकट कष्टकरी माणसाला काही मिनिटं एवढी शक्ती लावणं अवघड नाही. अवघड आहे ते हे की ती सगळी शक्ती फक्त चोवीस फेऱ्यांत कोंबायची आहे. प्रत्येक फेऱ्याच्या ऐन जोराच्या जागी पायडलवर साठेक किलोचा दाब पडावा लागतो. म्हणजे त्या माणसाचं अख्खं वजन. म्हणून तो उभा राहतो. हौस म्हणून नाही.

मागचं चक्र दुप्पट दातांचं असतं तर तेवढंच काम अठ्ठेचाळीस फेऱ्यांत झालं असतं, दाब अर्धा झाला असता, आणि तो बसल्या जागी पुलावर चढला असता. गिअर काम कमी करत नाही. कामाचे हप्ते पाडून देतो. ज्याच्याकडे गिअर नाही त्याला सगळी रक्कम एकदम भरावी लागते, आणि ती गुडघ्यातून जाते.

*

मग हे हप्ते आपल्याकडे कुणी मागितले का नाहीत? पहिलं उत्तर सोपं आहे: मुंबई सपाट आहे. पण ती सपाट 'आहे' म्हणण्यापेक्षा सपाट 'केली' म्हणणं जास्त बरोबर. गिरगावच्या नावातच गिरी आहे. मलबार हिलच्या पायथ्याचं गाव म्हणून गिरिग्राम, अशी व्युत्पत्ती सांगतात. पण ठाकुरद्वारपासून ऑपेरा हाऊसपर्यंत सायकलने जा, मांडीला कळणारसुद्धा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी-वरळीच्या मधली खाडी हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून अडवली. त्यामुळे मधल्या भागात भरतीचं पाणी शिरायचं थांबलं आणि खाजण सुकायला लागलं. पुढची शंभर-दीडशे वर्षं शहराने टेकड्या फोडून खळगे भरायचं काम केलं. गिरण्या, चाळी, ट्रामचे रूळ, सगळं त्या भरावाच्या आसपास आणि वर उभं राहिलं. दर पावसाळ्यात हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं तेव्हा खालची जमीन आपला जुना नकाशा दाखवते. पाण्याला जायला उतार नाही, तर सायकलला तरी चढ कुठून असणार?

या सपाटीला आडवे गेले ते रेल्वेचे मार्ग. एक मध्य, एक पश्चिम, एक हार्बर. पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं तर कुठला ना कुठला पूल चढावाच लागतो. दादरला टिळक पूल, परळला एल्फिन्स्टनचा, मग करी रोड, मग चिंचपोकळी. पश्चिम रेल्वेवर लोअर परळचा डिलाईल रोडवरचा, खाली गिरगावात फ्रेंच ब्रिज, केनेडी ब्रिज, सँडहर्स्ट ब्रिज. मलबार हिल आणि पेडर रोड सोडले तर आमच्या भागातला जवळजवळ प्रत्येक चढ रेल्वेने घातलेला आहे. निसर्गाने घातलेला चढ टाळता येतो, टेकडीला वळसा घालता येतो. रुळांना वळसा घालता येत नाही.

गिरणगावात तर हे विशेष जाणवतं. इथली वस्ती गिरणीच्या भोंग्याच्या अंतरावर वसलेली. कामगार चालत कामाला जायचा. सायकल होती ती वस्तू पोचवणाऱ्याची. आणि वस्तू पोचवणाऱ्याला रूळ ओलांडणं चुकत नाही.

*

गिअरचा इतिहास जिथून सुरू होतो ते गावही योगायोगाने कापडाचंच. फ्रान्समधलं सँतेत्येन. रेशमी फिती विणणारे माग, कोळशाच्या खाणी, आणि गावाबाहेर पडलं की लगेच डोंगर. पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) नावाचा माणूस तिथे रेशमाचा धंदा करत होता. पुढे त्याने तो सोडून सायकलचं दुकान काढलं आणि 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने सायकलवर मासिक चालवलं. त्याला डोंगर चढायचे होते आणि उतरायचं नव्हतं. त्याने पुढे दोन चक्रं लावली, मग मागे दोन, आणि वाटेत थांबून हाताने चेन एकीवरून दुसरीवर टाकायला लागला. आज आपण ज्याला डिरेलर म्हणतो, म्हणजे चेनला ढकलून शेजारच्या चक्रावर नेणारा सांगाडा, तो रुजवण्यात या माणसाचा आणि त्याच्या चेल्यांचा मोठा वाटा आहे.

पण त्याला विरोध झाला तो सायकलच्याच माणसांकडून. १९०२ साली तूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यावर एक चाचणी घेतली. तीन गिअरच्या सायकलवर मार्त एस नावाची बाई, आणि एका गिअरच्या सायकलवर एदुआर फिशर नावाचा कसलेला शर्यतपटू. बाईंनी त्याला मागे टाकलं. यावर आँरी देग्रांज यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा, की हे गिअर वगैरे पंचेचाळिशीपुढच्यांसाठी ठीक आहेत. यंत्राच्या करामतीने जिंकण्यापेक्षा स्नायूंच्या जोरावर जिंकण्यातच मर्दुमकी. देग्रांज म्हणजे पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, तूर द फ्रान्स सुरू करणारे संपादक. शर्यत त्यांची, नियम त्यांचे. त्यांनी डिरेलर शर्यतीत येऊ दिला नाही. व्यावसायिक शर्यतपटूंना तो तूरमध्ये वापरता आला तो थेट १९३७ साली, देग्रांज आजारपणामुळे बाजूला झाल्यानंतर. त्या वर्षी जिंकलेल्या रोझे लापेबीच्या सायकलला तो होता.

मधली पस्तीस वर्षं जगातले सर्वांत तगडे सायकलपटू काय करत होते? मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चक्र असायचं. एका बाजूला सपाटीचं, दुसऱ्या बाजूला चढाचं. घाट आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं, चेन ओढून नट आवळायचे आणि निघायचं. माथ्यावर पुन्हा तेच. म्हणजे गिअर बदलायची गिनती घाटागणिक दोन. तेवढ्यासाठी सायकलवरून खाली यावं लागायचं, म्हणून चाक कुठे उलटायचं हाही डावपेच असायचा. लवकर थांबलात तर मागचे पुढे जातात, उशिरा थांबलात तर पाय जातात. १९१० साली शर्यत पहिल्यांदा पिरेनीजच्या मोठ्या घाटांत नेली तेव्हा पुष्कळ जण सायकल ढकलत चालले. त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव्ह लापीझसुद्धा चालला, आणि आयोजकांना त्याने खुनी म्हटलं. तूरमालेचा घाट न उतरता चढलेल्या ग्युस्ताव्ह गारिगूला शंभर फ्रँकचं बक्षीस दिलं होतं, असं सांगतात.

मला या प्रकरणात देग्रांज यांचा राग येत नाही, फक्त त्यांची भाषा ओळखीची वाटते. परळच्या दुरुस्तीवाल्याला मी विचारलं, "मामा, डबेवाले गिअरवाली सायकल का घेत नाहीत?" तो पंक्चरवर कानस घासत म्हणाला, "ती पोरांची. कामाच्या माणसाला गिअर कशाला? पायात दम पायजे." पॅरिसचा संपादक आणि परळचा मिस्त्री एकाच वाक्यावर आले. फरक एवढाच की संपादक दुसऱ्यांच्या पायांबद्दल बोलत होता. मिस्त्री स्वतः वीस वर्षं दूध टाकत होता, आणि बोलताना गुडघ्यावर हात टेकून उठत होता.

*

इंग्रजांचा मार्ग वेगळा होता. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे फ्रँक बाउडेन यांनी १९०२-०३ च्या सुमारास तीन गिअरचा हब बाजारात आणला, स्टर्मी-आर्चर या नावाने. यात चेन हलतच नाही. सगळे दात मागच्या चाकाच्या हबमध्ये, तेलात, झाकलेले. १९३६ साली आलेल्या त्यांच्या एडब्ल्यू या नमुन्यात मधला गिअर जसाच्या तसा, खालचा एक चतुर्थांशाने हलका, वरचा एक तृतीयांशाने जड. याचा शहरात मोठा फायदा असा की सायकल उभी असतानाही गिअर बदलता येतो. डिरेलरला पायडल फिरत असावं लागतं. सिग्नलला तुम्ही जड गिअरवर अचानक थांबलात की अडकलात, निघताना पाय घसरणार. हबवाला मात्र थांबल्या थांबल्या खटका दाबतो आणि हलक्यावर निघतो. पोस्टमन, पाद्री, शाळामास्तर, कारखान्यातला कामगार, इंग्लंडात सगळ्यांच्या सायकलवर हा हब दिसायचा.

आपल्याकडे सायकली आल्या त्या बहुतांशी याच इंग्लंडातून. रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस ही नावं आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. पण त्यांच्याबरोबर हब आला नाही, आला तरी हौशी माणसापुरता. मग देशात कारखाने निघाले. त्यातला एक आमच्या दाराशीच होता: वरळीची हिंद सायकल्स. तिकडे बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले, म्हणजे रॅलेचाच भारतीय भागीदार. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो. या सगळ्यांनी मिळून जी सायकल गावोगाव पोचवली ती काळी, २८ इंची, उंच दांड्याची, बिनगिअरची. रॅलेच्या घराण्यात तीन गिअरचा हब तयार होता, आणि रॅलेच्याच नात्यातला कारखाना इथे एका गिअरवर चालला होता.

यात मूर्खपणा नव्हता हे सांगायला हवं. ज्या देशात पहिली सायकल घेतानाच महिन्यांची बचत लागते, तिथे हबचे पैसे कोण देणार? आयातीवर निर्बंध होते, आतल्या बारीक भागांना सुटे भाग मिळाले नसते. एका गिअरची सायकल कोपऱ्यावरचा मिस्त्री पाना, हातोडी आणि ग्रीसच्या डब्यावर चालू ठेवू शकतो. छर्रे बदलायचे, चेनची कडी काढायची, चाकाच्या तारा आवळायच्या, बस. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पिशव्या, कॅन, डबे लटकतात. तिथे डिरेलरचा नाजूक सांगाडा ठेवला तर पहिल्याच गर्दीत वाकतो. हे कारण मला प्रत्येक कष्टकरी सायकलवाल्याने न विचारता सांगितलं आहे. पण हबला हे कारण लागू पडत नाही. हब आत असतो, वाकत नाही. त्यामुळे कारण फक्त नाजूकपणाचं नव्हतं. ओझं वाहणाऱ्या माणसाच्या श्रमाची किंमत हबच्या किमतीपेक्षा स्वस्त होती, हा खरा हिशेब.

हिंद सायकल्सचं पुढे काय झालं तेही थोडक्यात. कारखाना डबघाईला आला, सरकारने हातात घेतला, आणि १९८० साली संसदेने हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोघांच्या राष्ट्रीयीकरणाचा एकच कायदा केला. वरळीच्या कारखान्याची नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन झाली. तीही पुढे थंडावली. गिरण्यांच्या इतिहासाबद्दल आपल्याकडे कपाटं भरून लिहिलं गेलं, ते योग्यच आहे. पण गिरणगावाच्या शेजारी मुंबईची स्वतःची सायकल बनत होती, हे वरळीतल्या तरुणांनाही आता माहीत नसतं.

*

मराठी माणसाला सायकलच्या संदर्भात गिअर हा शब्द ठसला तो बहुधा दोन गोष्टींमुळे. एक, १९९२ चा 'जो जीता वही सिकंदर'. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी त्यानंतर घरी गिअरच्या सायकलसाठी उपोषणं केली. आणि दुसरी, मुंबई-पुणे सायकल शर्यत.

ही शर्यत सपाट मुंबईतून निघते आणि सरळ बोरघाटाला भिडते. खोपोली सोडली की काही किलोमीटरांत अर्धा किलोमीटर उंची चढायची. घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि शर्यत जिंकणाऱ्यापेक्षा त्याचं नाव लोकांच्या जास्त लक्षात राहतं असं मला नेहमी वाटत आलं आहे. वाटेत शिंगरोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा. गाडीवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. आगगाडीची तऱ्हा तर याहून मजेची. १८६३ साली सुरू झालेल्या घाटाच्या लोहमार्गाचा चढ सदतीस फुटांना एक फूट इतका आहे. आजही तो चढताना गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात आणि लोणावळ्याला सोडतात. आगगाडीलाही हलका गिअर लागतो. तो ती भाड्याने घेते, एवढंच.

घाटात किती वेळा गिअर बदलतात? इथे प्रश्नाला खरी धार येते. जुन्या खटक्यात आकडे नसत. दांडी हळूहळू सरकवून चेन बसली का ते कानाने ओळखावं लागे, म्हणून माणूस गरज पडेल तेव्हाच बदले. १९८४ मध्ये शिमानोने टकटक आवाज करत नेमक्या जागी बसणारा खटका आणला, २००९ मध्ये त्याच कंपनीने बॅटरीवर चालणारा. बोट टेकलं की काम झालं. त्याबरोबर गिनती वाढली. मागच्या बारा चक्रांत एकेका दाताचा फरक, वाऱ्याची झुळूक आली तरी एक खाली, गेली की एक वर. पायांचा ठेका नव्वदच्या आसपास राहिला पाहिजे एवढंच बघायचं. दिवसभराच्या डोंगराळ फेरीत हा आकडा आता शेकड्यांत जातो, आणि सायकलच तो मोजून फोनवर पाठवते. चाक उलटवण्याच्या काळात घाटाला दोन, आता शेकडो. पाय तेच आहेत.

मी स्वतः आठ गिअरची साधी सायकल चालवतो. गेल्या हिवाळ्यात चार सकाळी मी ऑपेरा हाऊस ते दादरचं प्लाझा हा रस्ता मोजला. लॅमिंग्टन रोडने मुंबई सेंट्रल, सात रस्ता, साने गुरुजी मार्गाने चिंचपोकळीचा पूल, लालबागला उतरून आंबेडकर रोडने परळ, हिंदमाता, खोदादाद सर्कल आणि टिळक पुलावरून प्लाझा. पद्धत अशी की फोनचा रेकॉर्डर चालू ठेवायचा आणि खटका दाबला की मोठ्याने आकडा म्हणायचा. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यांनी माझ्याकडे कसं पाहिलं ते सोडून देतो. आकडे आले ५२, ४७, ६१ आणि ५५. या रस्त्यात पूल दोनच. दोन्ही पुलांसाठी मिळून कुठल्याही दिवशी बारापेक्षा जास्त वेळा बदलावं लागलं नाही. उरलेले सगळे सिग्नल, बस थांबे, दुचाकीवाल्यांचे उलटे प्रवेश आणि एकदा लालबागला मिरवणुकीसारखा निघालेला कुत्र्यांचा जथा यांच्यासाठी. थांबायच्या आधी दोन-तीन खाली, निघाल्यावर दोन-तीन वर.

म्हणजे सपाट शहरात गिअर लागत नाहीत हा समज निदान आंबेडकर रोडवर टिकत नाही. ओझं घेऊन उभ्या सायकलला पुन्हा गती देणं हासुद्धा चढच आहे, आणि तो दर दोनशे मीटरवर येतो. डबेवाला तो कसा चढतो? थांबतच नाही. लाल दिवा दिसला की लांबूनच वेग कमी करतो, गाड्यांच्या फटीतून रांगत राहतो, पाय जमिनीला लागू देत नाही. आपण त्याला बेशिस्त म्हणतो. गिअर नसलेल्या, साठ किलो लादलेल्या सायकलवर एकदा हिंदमाताच्या सिग्नलला पूर्ण थांबून निघून पाहावं.

*

महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये डबे पोचवण्याचं काम सुरू केलं तेव्हा ते डोक्यावरून आणि पायी होतं. सायकल नंतर आली आणि स्टेशनबाहेरच्या शेवटच्या टप्प्याची झाली. एका सायकलवर तीस-चाळीस डबे. गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्याचं ओझं आणखी वेगळं. टाकीत गॅस १४.२ किलो, पण भरलेली टाकी तीसेक किलोची. चार टाक्या लटकवल्या की सव्वाशेच्या घरात. तो पुलावर सायकल चालवायचा विचारही करत नाही. त्याच्यासाठी सायकल ही दोन चाकांची हातगाडी आहे, आणि उतारावर तर चढापेक्षा जास्त जपावं लागतं, कारण मागून ढकलणारं वजन ब्रेकच्या रबराला ऐकत नाही.

गेल्या काही वर्षांत या माणसांच्या वाटेवरचे पूल एकेक करून बदलत आहेत. लोकल गाड्यांची वीज १५०० व्होल्टवरून २५ हजारांवर नेण्याचं काम मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये पुरं झालं. जास्त दाबाच्या तारांना जास्त मोकळी उंची लागते, आणि ब्रिटिश काळातले पूल त्यासाठी बुटके ठरतात. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला त्यामागे हे एक कारण होतं. पूल उंच झाला आणि दोन्ही बाजूंना वस्ती असल्यामुळे उतार लांबवता आला नाही, की चढ तीव्र होतो. मोटारीला त्याचा पत्ता लागत नाही. ढकलणाऱ्याला प्रत्येक इंच कळतो. लोअर परळचा डिलाईल रोडवरचा पूल जुलै २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला, पूर्ण उघडायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. सागरी सेतू २००९ मध्ये आला आणि किनारी रस्ता २०२४ मध्ये. दोन्हींवर सायकलला मनाई. उड्डाणपुलांवर सायकलने जाऊ नये हे पाटीने सांगतात, आणि पाटी नसली तरी मागून येणारी बस सांगते. या सगळ्या बांधकामात सायकलसाठी चढ किती असावा याची चर्चा माझ्या वाचनात कुठे आली नाही. मोटारींची गणती होते. सायकली रस्त्याच्या कडेने जातात, म्हणून बहुधा गणतीच्याही कडेनेच जातात.

१९१३ साली बांधलेला एल्फिन्स्टनचा पूल १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री बंद झाला. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तिथे नवा दुमजली पूल व्हायचा आहे. गाड्यांना पर्याय म्हणून टिळक पूल, करी रोड आणि चिंचपोकळी ही नावं जाहीर झाली. परळ स्टेशनबाहेर एक डबेवाले काका भेटले, मावळातले. मी विचारलं, "आता कसं करता?"

"कसं म्हणजे? प्रभादेवीचे डबे करी रोडनं फिरून न्यायचे. हा पूल बुटका होता. बसून चढायचो, रिकामा असलो तर. तो चढ लई खडा."

"किती वेळ जास्त लागतो?"

"येळेचं जमवतो. लवकर निघायचं." मग जरा थांबून त्यांनी बोटं मोडली. जाताना करी रोडवर एकदा उतरायचं, पलीकडे लोअर परळला जायचं तर डिलाईल रोडवर दुसऱ्यांदा, दुपारी रिकामे डबे घेऊन परत येताना दोन्हीकडे पुन्हा. "आधी दोन व्हायचं, आता चार होतं," ते म्हणाले, आणि टोपी सारखी करून गर्दीच्या कडेने निघाले.